लापशी निवेपर्यंत

केप कोस्ट, ३ जून १९९६

प्रिय मामा,

तुमचा निरोप तमालेच्या बस ड्रायव्हरने छापखान्याच्या दुकानात आणून दिला. परीक्षांच्या कामामुळे तुम्हाला आई गेल्यानंतरच्या आठव्या दिवसाच्या बैठकीला येता आलं नाही, हे घरच्यांना सांगितलं. रिटायर झालेल्या हेडमास्तरला कसल्या परीक्षा, असं थोरल्या मावशीच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बैठकीत ठरलं ते असं. आईला हॉस्पिटलच्या शवागारात ठेवलंय. दफन २४ ऑगस्टला, शनिवारी, मेथडिस्ट चर्चमध्ये. तोवर अक्राचे, कुमासीचे सगळे गोळा होतील. दफनाच्या दिवशी वाटायची श्रद्धांजल्यांची पुस्तिका आमच्याच छापखान्यात होईल. आमचे मालक ॲकनसाहेब म्हणाले की तुझ्या आईचं काम पहिल्या दर्जाचं करू.

तुम्ही लिहिलंय, तू गावभरच्या श्रद्धांजल्या लिहितेस तर 'भावाकडून' हे पान माझ्या वतीने तूच लिही. मामा, मला जमणार नाही. 'लेकीकडून' हे माझं स्वतःचं पानच होत नाहीये. नऊ वर्षं मी हेच काम करते. लोक एक फोटो आणि चार गोष्टी घेऊन येतात, मी तासाभरात पान देते. बायका वाचून रडतात. पण आईचं पान घेऊन बसलं की हात हलत नाही. मी रडलेही नाही अजून. शेजारच्या बायका म्हणतात, धक्का बसलाय पोरीला. मला तर धक्काही जाणवत नाही. सकाळी कोपऱ्यावरच्या मारियामाकडून आलं घातलेली बाजरीची पातळ लापशी आणते, ती पिते आणि दुकानात जाते. लापशीला चव लागत नाही.

तुमचं पान तुम्हीच लिहा.

अराबा


तमाले, ११ जून

अराबा पोरी,

जमणार नाही म्हणे! चाळीस वर्षं मी मुलांकडून हेच ऐकत आलो. बाईसाहेब, तुला काही झालेलं नाही. तुला सवय लागलीये ती पानभर गुळगुळीत लिहायची. 'घराचा आधारस्तंभ', 'ममतेचा सागर'. असं नऊ वर्षं लिहिल्यावर हाताला दुसरं काय सुचणार?

आता मी सांगतो ते निमूट कर. छापखान्यात पुस्तिकांच्या कडा कापल्या की कागदाच्या पट्ट्या पडतात ना, दोन बोटं रुंद? त्या घरी आण. रोज एक पट्टी घ्यायची आणि तिच्यावर एक गोष्ट लिहायची. पट्टी संपली की गोष्ट संपली. दुसरी पट्टी जोडायची नाही.

सकाळी लापशीचा वाडगा समोर ठेवायचा आणि लिहायला बसायचं. लापशीवर साय धरली की हात थांबवायचा, मग वाक्य अर्धं का असेना. विशेषणं बंद. रडगाणं बंद. आणि आईवर लिहायचं नाही. आत्ता नाही. बाजारातल्या बायका, न्हावी, कुत्री, जे दिसेल त्यावर लिही. दर आठवड्याला ड्रायव्हरच्या हाती मला पाठव, मी तपासतो.

माझी शाळेतली पोरं पाटीवर हेच करायची. पहिला महिना सगळी रद्दीच निघते, तेव्हा घाबरू नकोस. आळशीपणा मात्र मला चालणार नाही.

तुझा मामा,
क्वेकू


केप कोस्ट, २४ जून

प्रिय मामा,

पट्ट्या पाठवते आहे. नऊ दिवसांत सहा झाल्या.

पहिली वाचून दाखवते. "मासळीबाजारात एक बाई उभी होती. तिने मासे घेतले नाहीत. मग ती गेली." एवढंच झालं तोवर साय धरली.

तीन दिवस राहिले कारण दुकानात काम होतं. या महिन्यात सात अंत्यसंस्कार आहेत. सगळ्यांची पानं मी लिहिली, काही त्रास झाला नाही. एका म्हाताऱ्याचा मुलगा म्हणाला, बाई, तुम्ही माझ्या बापाला ओळखत होता का? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, वाटत नाही तसं. त्याला ते आवडलं असावं.

मी आळशी नाही, मामा. पहाटे उठते, झाडते, आईची खोली पुसते. फक्त आत काही हलत नाही. तुम्ही त्याला आळस म्हणत असाल तर म्हणा.

अराबा


तमाले, ३ जुलै

अराबा पोरी,

आधी रागावून घेतो. चार, पाच आणि सहा नंबरच्या पट्ट्या एकाच बैठकीत लिहिल्यास. शाई एक, अक्षराचा कल एक, आणि तिन्हींवर तेलाचा तोच डाग. मला काय काल जन्मलेला समजतेस? एका दिवसात तीन लिहिणं म्हणजे रविवारी आठवड्याभराचं जेवण उरकण्यासारखं आहे. राहिलेला दिवस राहू दे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक.

आता मासळीबाजारातली बाई. ही गोष्ट नाही, ही हजेरी झाली. ती मासे न घेता का उभी राहिली? तुला माहीत नसेल तर नीट बघ. ती कुणाच्या टोपलीकडे बघत होती, हातात काय होतं? एक खरी गोष्ट सापडली की पुरे.

न्हाव्याची मात्र झकास जमली. "न्हाव्याने 'आज बंद' अशी पाटी रंगवायला घेतली. रंगवण्यात दिवस गेला. म्हणून दुकान खरंच बंद राहिलं." मी मोठ्याने हसलो. शेजारीण बघायला आली, म्हाताऱ्याला काय झालं म्हणून.

मीही रोज एक लिहितोय. शिकवणाऱ्याने स्वतः केलं नाही तर पोरं बरोब्बर ओळखतात. कालची ही:

"शाळेच्या भिंतीवरचा देशाचा नकाशा बोकडाने खालच्या बाजूने खाल्ला. समुद्र गेला. तेव्हापासून मुलं विचारतात, गुरुजी, तुमचं गाव कुठाय?"

मामा


केप कोस्ट, २० जुलै

प्रिय मामा,

आता रोज होते. सव्वीस दिवसांत एकही चुकली नाही. का ते माहीत नाही. दात घासावे तशी घडते. आईचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात ठेवते.

तुम्ही नको म्हणालात तरी एक आईची झाली. मी मुद्दाम नाही लिहिली, हात तिकडे गेला.

"बाईने मक्याच्या पिठाची केंकी बांधायला केळीची वाळकी पानं भिजत घातली. दुपारी ती गेली. पाणी कुणी ओतलं नाही. आठवड्याने टोपाला वास यायला लागला, तेव्हा लेकीने पानं फेकली. पाणी तिने अंगणातल्या झाडाला घातलं, कारण आई तसंच करायची."

लिहून झाल्यावर मी बराच वेळ वाट बघितली. काही वाटलं नाही. लापशी प्यायले आणि कामाला गेले.

ॲकनसाहेब रोज विचारतात, पान कधी देतेस? १५ ऑगस्टला पुस्तिका छापायला घेणार आहेत. मी म्हटलं, देते. त्यांना माझी दया येते आणि ती मला नको आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये माझं एक जुनं लिखाण पडलंय, ते पुसायचं आहे. रोज विसरते.

एक विचारू? अकरा वर्षं तुम्ही आईशी बोलला नाहीत. मी तिला विचारलं की ती म्हणायची, त्यालाच विचार. आता तुम्हालाच विचारते आहे. परीक्षांचं कारण सांगू नका.

अराबा


तमाले, ३० जुलै

अराबा,

पानांची पट्टी मी चारदा वाचली. तिला लाल शाई लावली नाही.

विचारलंस, तर सांगतो. तुझी आजी गेली तेव्हा तू बोर्डिंगमध्ये होतीस, फक्त दफनाच्या दिवशी आलीस. श्रद्धांजली मी लिहिली होती. तीन पानं, इंग्रजीत, अशी की बिशपने उठून हात मिळवला. मी ताठ मानेने चर्चबाहेर आलो. तिथे सगळ्या नातेवाइकांसमोर तुझी आई मला म्हणाली, "दादा, तू वाचलंस ती बाई कोण रे? मी सहा वर्षं जिला आंघोळ घातली, तिचं यात काहीच नाही."

झालं! चार माणसं हसली. मी हेडमास्तर, आणि केंकी विकणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने, जिला वाचताही येत नाही, मला भर गर्दीत तोंडघशी पाडलं. त्याच दिवशी मी उत्तरेची गाडी पकडली. वाटलं, ती माफी मागेल. तिला बहुतेक वाटलं असेल, मी मागेन. अकरा वर्षं अशीच गेली, पोरी, आणि रोज वाटायचं की उद्या लिहू.

तिचं बरोबर होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी दफनाला येतोय. मामाशिवाय भाचीने आईला निरोप द्यावा हे आपल्यात होत नाही. आप्तांच्या रांगेत पहिली खुर्ची माझी, ती मी कुणाला देणार नाही. माझं पान पुस्तिकेत नको. मी लिहून आणतो आणि उभा राहून वाचतो. तू तुझं लिही. लांबलचक नको, पट्टीएवढं लिहिलंस तरी चालेल.

मामा


केप कोस्ट, ९ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुमचं पत्र वाचलं. आई चर्चबाहेर जे बोलली ते मी दोनदा वाचलं. तसंच काहीतरी ती मलाही बोलली आहे, एप्रिलमध्ये. तिला वाटलं ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. जमलं तर लिहीन, आत्ता नाही.

बावन्न पट्ट्या झाल्या. पान अजून नाही. पण तुम्ही येताय म्हटल्यावर मला वाटतंय की होईल. तुम्ही शेजारी असलात तर मी उभी राहून बोलू शकेन. एवढंच हवंय मला. तिच्याबद्दल एकदा तरी खरं बोलायचं आहे आणि ती वेळ निघून चालली आहे.

अराबा


तमाले, १६ ऑगस्ट

अराबा पोरी,

गुरुवारच्या पहाटेच्या बसने निघतो. शुक्रवारी दुपारी तुझ्या दारात. काळं कापड इस्त्री करून घेतलंय, नेसायची पद्धत विसरलो होतो, आरशासमोर दोनदा नेसून बघितलं. तीन पानं लिहून झालीत.

मामा


केप कोस्ट, २९ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुम्ही आला नाहीत.

शुक्रवारी मी स्टँडवर तीन बसगाड्या बघितल्या. शनिवारी अंगणात आप्तांची रांग बसली तेव्हा पहिली खुर्ची रिकामी ठेवली. लोक ओळीने हात मिळवत येत होते. त्या खुर्चीपाशी प्रत्येकजण अडखळायचा. एका म्हातारीने खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि पुढे गेली. मागचे सगळे मग तसंच करायला लागले. सकाळभर लोक तुमच्या खुर्चीशी हात मिळवत होते.

आता चर्चमधलं सांगते, कारण ते दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मी पान दिलंच नव्हतं. ॲकनसाहेब बिचारे माझ्या काळजीने कॉम्प्युटरमध्ये शोधत बसले आणि त्यांना आईच्या नावाची फाईल सापडली. त्यांना वाटलं, मी लिहून ठेवलंय पण द्यायचा धीर होत नाहीये. त्यांनी ते न वाचता छापलं. पुस्तिका माझ्या हातात आली ती थेट शनिवारी सकाळी.

ते पान मी एप्रिलमध्ये लिहिलं होतं, आई जिवंत असताना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन महिने. मी विचार केला, पुढे गडबड होईल, आत्ताच करून ठेवू. फेब्रुवारीत मी मॅडम चॅरिटी म्हणून एका बाईचं पान लिहिलं होतं. तेच घेतलं आणि नाव बदललं. मामा, स्वतःच्या आईसाठी मी दुसरीचं पान घेतलं. मला त्यात काही गैर वाटलं नाही, आम्ही दुकानात रोज असंच करतो.

नाव तीन ठिकाणी होतं, मी दोन ठिकाणी बदललं होतं.

छापलेलं तेच समोर होतं, म्हणून चर्चमध्ये मी ते वाचायला उभी राहिले. आधारस्तंभ झाला, ममता झाली, मग आलं, "मॅडम चॅरिटी, आम्ही तुला कधीच विसरणार नाही." मी ते मोठ्याने वाचलं. कुणीतरी खोकलं. थोरल्या मावशीने तोंडाला पदर लावला. ॲकनसाहेब मागच्या बाकावर होते, त्यांनी डोकं खाली घातलं.

मी पुस्तिका मिटली. पर्समध्ये त्या सकाळची पट्टी होती, सदुसष्टावी. ती काढून वाचली. आपल्या भाषेत. ती अशी:

"आजारी आईने विचारलं, काय लिहितेस? लेक म्हणाली, एका मेलेल्या बाईबद्दल. वाच, आई म्हणाली. लेकीने वाचलं. आई म्हणाली, फार चांगली होती की गं. अशी कुणी आपल्या गल्लीत नाही. तिच्या लेकीला मात्र ती फारशी माहीत नसावी. लेक म्हणाली, हो. आणि वाडगा उचलून आत गेली."

मग मी म्हटलं, ती बाई माझी आई होती, आणि जाऊन बसले. कुणी हसलं नाही. गायकांना सूर लावायला वेळ लागला.

मला वाटलं होतं, बोलले की आत काहीतरी सुटेल. तसं काही झालं नाही. दुपारी मी पाहुण्यांना जेवण वाढलं.

तुमची तब्येत बरी आहे ना, तेवढं कळवा.

अराबा


तमाले, ८ सप्टेंबर

अराबा,

टेचिमानच्या अलीकडे बस बिघडली. दुरुस्तीला दीड दिवस लागला. नाईलाज झाला.

वरचं सगळं खोटं आहे. खोडलं नाही, राहू दे. तब्येत ठणठणीत आहे. आजची पट्टी सोबत जोडली आहे. साय धरायच्या आत लिहून झाली.

"काळं कापड नेसलेला एक म्हातारा कुमासीच्या स्टँडवर उतरला. समुद्राकडे जाणारी गाडी समोरच उभी होती. त्याच्याजवळ तीन पानं होती, बहिणीवर लिहिलेली. त्याने ती बाकावर बसून वाचली. त्यात बहीण नव्हती. त्याने दोन संत्री खाल्ली आणि उत्तरेकडची गाडी पकडली."

यातलं एकच विशेषण मला काढता आलं नाही, काळं. ते कापड काळंच होतं.

मामा


केप कोस्ट, १९ सप्टेंबर

मामा,

तुमची पट्टी काल आली. आज सकाळी वाडगा समोर ठेवून मी ती पुन्हा वाचली आणि मला राग आला.

चांगलाच आला. तुमचा. कुमासीहून इथे पाच तास लागतात. तुम्ही निम्म्याहून जास्त वाट येऊन संत्री खाऊन परत गेलात! पानांत आई नव्हती तर पानं फेकायची होती आणि नुसतं यायचं होतं. खुर्चीत बसायचं होतं. तिने तुम्हाला कधी लिहायला सांगितलं होतं? तिला वाचता तरी येत होतं का? तुम्हाला चांगलं लिहायचं होतं, मलाही चांगलं लिहायचं होतं, आणि ती बिचारी दोन्ही वेळा तोंडावर सांगत होती की ही ती बाई नाही. मी उठून मोठ्याने बोलत होते, एकटीच, स्वयंपाकघरात. तुम्हाला आणि मला दोघांनाही नावं ठेवत होते. नावं ठेवता ठेवता रडायला लागले. खूप वेळ रडले. तोवर लापशी थंडगार झाली होती आणि पट्टी कोरी होती.

मग मी वाडगा तोंडाला लावला, टाकून कशाला द्यायची म्हणून. पहिल्या घोटालाच ठसका लागला. डोळ्यांतून आणखी पाणी आलं. मी तशीच वाडगा घेऊन कोपऱ्यावर गेले आणि मारियामाला म्हटलं, आज आलं किती घातलंस गं, घसा जळला माझा.

ती हातातला डाव थांबवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "ताई, रोज एवढंच घालते."

आजची पट्टी हीच. तुमची पट्टी मी आईच्या डब्यात ठेवली आहे. मे महिन्यात वर्ष होईल तेव्हा कबरीवर फरशी बसवायची आहे. या. काही लिहून आणू नका.

अराबा